जाहिरातीचे मेसेज आणि कायदा : दुकानदाराने काय सांभाळावे?

लगीनसराईतली गोष्ट आहे. पिंजरकडचे आमचे एक जुने गिऱ्हाईक बार्शीटाकळीच्या दुकानात आले. कापड घ्यायला आले नव्हते. उभ्या उभ्याच म्हणाले, "शेठजी, आमचा लंबर तुमच्या मोबाईलातून काढून टाका बरं. तुमचा मेसेज आला की पोरगी रडत बसते."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दिवाळीनंतर त्यांनी मुलीच्या बस्त्यासाठी साड्या पसंत करून बयाणा दिला होता. माल आला की कळवा म्हणून नंबर लिहून दिला होता. घरात मोबाईल मुलीकडेच, म्हणून नंबर तिचाच. पुढे सोयरीक मोडली. आम्ही बयाणा परत केला आणि आमच्या लेखी व्यवहार मिटला. पण नंबर दुकानाच्या यादीत तसाच राहिला, आणि 'लग्नाच्या बस्त्यावर खास सूट' हा मेसेज दर आठवड्याला त्या मुलीच्या हातात पडत राहिला.

आम्ही त्यांच्यासमोरच नंबर काढला आणि माफी मागितली. ते चहा घेऊन गेले, पण आमचे मन काही स्वस्थ होईना. रात्री दुकान वाढवल्यावर ती यादी उघडून बसलो. नऊशेच्या वर नंबर होते. कुणी बिलासाठी दिलेला, कुणी उधारीच्या तकाज्यासाठी, कुणी ब्लाऊज शिवून झाला की कळवा म्हणून. 'मला जाहिरात पाठवत जा' असे म्हणून त्यांतल्या एकानेही नंबर दिलेला नव्हता.

वाचक बंधूंनो, याच मुद्द्यावर आज देशात कायदे झाले आहेत. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील दुकानदाराला वाटते की हे मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तसे ते नाही. म्हणून आम्ही जे वाचले, विचारले आणि समजून घेतले ते येथे मांडत आहोत.

पोस्टकार्ड आणि मोबाईल

आमचे वालिद सीझनच्या आधी निवडक गिऱ्हाइकांना पोस्टकार्ड टाकीत. प्रत्येक कार्डाला पैसे लागत, शिवाय हाताने लिहावे लागे. त्यामुळे कुणाला लिहायचे, कुणाकडे यंदा दुखवटा आहे, कुणाच्या घरी लग्न आहे, हा विचार आपोआप होई. मोबाईलने हा खर्च जवळजवळ संपवला. एका बोटाने नऊशे जणांना निरोप जातो. खर्च नाही म्हणून विचार नाही, आणि विचार नाही म्हणून समोरच्याला त्रास. न मागितलेल्या अशा थोक जाहिरातीला स्पॅम म्हणतात. पाठवणाऱ्याचा खर्च वाचतो तो घेणाऱ्याच्या वेळेतून आणि मनस्तापातून वसूल होतो.

फोन आणि एसएमएसचा कायदा

दूरसंचार क्षेत्रावर देखरेख करणारी ट्राय ही संस्था आहे. तिने २००७ साली पहिल्यांदा 'आम्हाला जाहिरातीचे फोन नकोत' असे सांगणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. २०१० साली नियम अधिक कडक झाले आणि १९ जुलै २०१८ रोजी आजचे मूळ नियम आले. त्यानुसार ज्याला व्यापारी एसएमएस पाठवायचे आहेत त्याने दूरसंचार कंपनीच्या संगणकीय नोंदणी व्यवस्थेत, म्हणजे डीएलटीवर, आपल्या धंद्याची नोंद करायची, पाठवणाऱ्याचे नाव मंजूर करून घ्यायचे आणि मजकुराचा नमुनाही मंजूर करून घ्यायचा. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी सक्तीने सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. मोठमोठ्या बँकांची कागदपत्रे अपुरी निघाली, तेथे आपली काय कथा!

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी या नियमांत महत्त्वाची दुरुस्ती झाली. आपल्या कामाची कलमे अशी :

नोंदणी न करता साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात करणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला गिऱ्हाइकाने आधी कुठे नाव नोंदवलेले असण्याची गरज नाही. निरोप आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. १९०९ या क्रमांकावर फोन किंवा एसएमएस केला तरी चालते.

दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाईचा निकष पूर्ण होतो. आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. गुन्हा पहिला असेल तर पाठवणाऱ्याची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद. पुन्हा केले तर सर्व जोडण्या एक वर्षासाठी बंद आणि नाव काळ्या यादीत.

एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे आता इंग्रजी अक्षर लागते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठेवले आहेत. गिऱ्हाइकाने एकदा नको म्हटले की नव्वद दिवस त्याच्याकडे पुन्हा परवानगीसुद्धा मागायची नाही.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचे उदाहरण घ्या. कुणीतरी त्यांना काही हजार नंबरांची तयार यादी विकली. मुलाने दुकानाच्या नंबरावरून दोन दिवस एसएमएस सोडले. तक्रारी झाल्या आणि ऐन सीझनमध्ये त्या नंबरावरून फोन जाणे बंद झाले. सुरतेच्या व्यापाऱ्याला माल सांगायचा, अकोल्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला गाठी विचारायच्या, उधारी मागायची, सगळे शेजाऱ्याच्या फोनवरून. यादीला मोजलेले पैसे गेले ते वेगळेच.

व्हॉट्सअॅपवर काय चालते?

बहुतेक दुकानदार म्हणतात, आम्ही एसएमएस कुठे पाठवतो, आमचे सगळे व्हॉट्सअॅपवर आहे. ट्रायचे हे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत, हे खरे. पण व्हॉट्सअॅपची स्वतःची अट आहे की धंद्याचा निरोप ज्याने परवानगी दिली त्यालाच पाठवावा. लोकांनी 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' केले की खाते बंद होऊ शकते. शिवाय खाली सांगितलेला माहिती संरक्षणाचा कायदा निरोप कोणत्या मार्गाने गेला हे पाहत नाही. नंबर कुणाचा आणि कशासाठी घेतला हे पाहतो.

ई-मेलचे काय?

आमची पुढची पिढी शाळांच्या गणवेशाचे भाव ई-मेलने पाठवते, ऑनलाइन माल विकते. त्यांनी हे ध्यानात घ्यावे. न मागितलेला पहिला थोक जाहिरातीचा ई-मेल १९७८ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना पाठवला असे मानतात. अमेरिकेने २००३ साली त्यावर स्वतंत्र कायदा केला. नाव खोटे नको, विषयाची ओळ फसवी नको, टपालाचा पत्ता हवा, आणि 'नको' म्हणणाऱ्याचे नाव कामकाजाच्या दहा दिवसांत काढले पाहिजे, हे त्याचे सार. युरोपात त्याहून कडक आहे. तेथे साधारणपणे आधी परवानगी, मग जाहिरात.

आपल्या देशात ई-मेलच्या स्पॅमसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवण्यासाठी केलेल्या ई-मेलला शिक्षा होती. पण ते कलम इतके मोघम होते की नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. देशभर चर्चा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते संपूर्ण कलम रद्द झाले. लोकांच्या बोलण्यावर आलेले दडपण गेले, हे योग्यच झाले. त्याबरोबर ई-मेलचा थोडाफार आडोसाही गेला.

म्हणून ई-मेलला रान मोकळे आहे असे मात्र समजू नये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी आपलेच नियम लावले आहेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक ई-मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध करायची, एका दाबात नाव काढण्याची सोय द्यायची आणि स्पॅमच्या तक्रारी शेकडा ०.३ च्या खाली ठेवायच्या. नाही ठेवल्या तर ई-मेल पोचतच नाही. कोर्टाची पायरी न चढताच शिक्षा होते.

माहिती संरक्षणाचा नवा कायदा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातली संमतीसंबंधीची मुख्य कलमे नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार असे ठरले. म्हणजे तयारीला मुदत दिली आहे, माफी दिलेली नाही.

कागदाच्या वहीतील नंबर या कायद्यात येत नाही. तोच नंबर मोबाईल किंवा संगणकात चढवला की येतो. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी वापरायची, हा मूळ उसूल. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे : औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक आपली माहिती देऊन म्हणते, पैसे मिळाल्याचा मेसेज मोबाईलवर पाठवा. तर दुकानदाराने ती माहिती पावती पाठवण्यासाठी वापरावी. आता हेच पिंजरच्या त्या मुलीला लावून पाहा. नंबर साड्या आल्याचे कळवण्यासाठी होता. सोयरीक मोडून बयाणा परत गेला तेव्हाच त्या नंबराचे काम संपले होते.

संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे हवे. संमती मागणारी सूचना गिऱ्हाइकाला इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. त्या २२ भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, आमची निम्मी गिऱ्हाइके उर्दू वाचतात. आम्हाला ही तरतूद फार मोलाची वाटली. न कळणाऱ्या भाषेत घेतलेली सही ही इजाजत नव्हे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, आणि मुलांवर नेम धरून जाहिरात करायला मनाई आहे. माहिती सांभाळण्यात कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड होईल असे नाही, चुकीचे स्वरूप पाहूनच रक्कम ठरेल. पण दुकानाचा लहानमोठेपणा हे बेफिकिरीचे कारण होऊ शकत नाही.

आम्ही काय केले?

पहिले म्हणजे नऊशे नंबरांची जाहिरातीची यादी रद्द केली. हिशेब आणि उधारीपुरते नंबर वेगळे ठेवले. गल्ल्याजवळ एक वही ठेवली. तिच्यावर मराठीत आणि उर्दूत लिहिले आहे : 'नवा माल आणि सवलतीचा मेसेज हवा असल्यास नंबर लिहावा. नको झाल्यास बंद असे कळवावे.' तारीख गिऱ्हाईक स्वतः घालते. त्याखेरीज कुणाला जाहिरात जात नाही.

प्रत्येक निरोपात दुकानाचे नाव आणि गाव असते. 'बंद' आले की त्याच दिवशी नाव निघते. तयार यादी विकत घ्यायची नाही, आपली यादी कुणाला द्यायची नाही, मग मागणारा सोयरा का असेना. नोकराच्या खासगी मोबाईलमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर ठेवायचे नाहीत. लग्नाच्या बयाण्याचा नंबर माल दिला किंवा बयाणा परतला की काढून टाकायचा. एसएमएस करायचा झाल्यास नोंदणी करूनच.

पहिल्या दोन महिन्यांत वहीत फक्त ११४ नावे आली. आमचा पुतण्या हिरमुसला. म्हणाला, "चाचा, नऊशेचे एकशे चौदा झाले, धंदा बसेल." धंदा बसला नाही. ज्यांनी स्वतः नाव लिहिले ते मेसेज वाचतात आणि येतात. बाकीचे आधीही वाचत नव्हते, वैतागत होते.

कपड्याच्या धंद्यात मीटरला मीटर मोजून द्यावे लागते. गिऱ्हाईक आपल्या गजावर भरोसा ठेवते, तसाच नंबर देतानाही ठेवते. तो नंबर अमानत आहे. पिंजरचे ते गृहस्थ अजून परत आलेले नाहीत. ते येतील तेव्हा त्यांनी आपण होऊन वहीत नाव लिहावे अशी आमची इच्छा आहे. नाही लिहिले तरी आमच्याकडून त्यांना मेसेज जाणार नाही, एवढे नक्की.