लिंबाचे लोणचे वर्षभर टिकते, मग बरणीतला मटार का नाही?

श्रीगोंद्याचे लिंबू, मीठ आणि काचेची बरणी. एवढ्यावर नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत लोणचे वर्षभर टिकते. हीच युक्ती हंगामात स्वस्त मिळणाऱ्या मटारावर किंवा मक्याच्या दाण्यांवर केली, तर मात्र जिवाशी गाठ पडू शकते.

फरक आहे आंबटपणाचा. पदार्थाचा पीएच 4.6 पेक्षा कमी असेल, तर ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ हा जिवाणू वाढत नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या घरात असतो. मटार, मका, फरसबीचा बराच जास्त. त्यात या जिवाणूला ऑक्सिजन नकोच असतो, त्यामुळे हवाबंद बरणीत त्याचे फावते. त्याचे विष श्वासाचे स्नायूही लुळे पाडते आणि पदार्थाला वास येईलच असे नाही.

मग बरणी उकळून घेतली तर? या जिवाणूचे बीजाणू मारायला सुमारे 121 अंश सेल्सिअस तापमान लागते. अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंचीवर आहे. इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते! कारखान्यात डबे दाबाखालच्या वाफेत ठेवतात ते यासाठीच. घरच्या कुकरमध्ये बरणीच्या मध्यापर्यंत तेवढी उष्णता पोहोचली का, हे कळायला मार्ग नाही. मटार फ्रीझरमध्येच बरा. कच्चा लसूण तेलात बुडवून महिनोन् महिने ओट्यावर ठेवणेही टाळा.

विकतचा डबा फुगलेला दिसला किंवा उघडताना फसफसला, तर चाखून बघू नका, सरळ फेका. चांगल्या डब्यातले उरलेले स्टीलच्या डब्यात काढून मगच फ्रिजमध्ये ठेवा.