शक्ती हातात की मनात?

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागाच्या खडखडाटात पाळ्या करणाऱ्या माणसाची पाठ धरते, झोप उडते. मग कोणी सांगतो, अमक्याच्या हातात चुंबकशक्ती आहे. कोणी म्हणतो, तमक्याच्या खड्यातून चैतन्याच्या लहरी निघतात. तेथे जाऊन आलेल्या काहींना बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, बरे वाटते ते कशामुळे? ह्याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी एका गोमंतकीय धर्मगुरूंनी दिले आहे.

आबे फारिया हे त्यांचे नाव. जन्म १७५६ साली, बारदेशातील कांदोळी गावी. पंधराव्या वर्षी ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले व १७८० साली रोममध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. लिस्बनच्या राजमंदिरात प्रवचनास उभे राहताच त्यांची वाचा बसली. तेव्हा वडील कोंकणीत हळूच म्हणाले की, समोर सगळी भाजी आहे, ती काप! आणि वाणी मोकळी झाली. ही आख्यायिकाच, पण त्यांच्या पुढील कार्याला ती शोभते खरी.

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरांचे प्रस्थ होते. एक अदृश्य चुंबकी द्रव आपण रोग्याच्या शरीरात सोडतो, असे ते म्हणत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए हे शास्त्रज्ञ होते. समितीने एका मुलाचे डोळे बांधून त्याला बागेत नेले. तेथील एकच झाड ‘भारलेले’ होते; मुलगा मूर्च्छित पडला तो भलत्याच झाडापाशी! द्रव वगैरे काही नाही, ही सारी कल्पना, असा निकाल झाला आणि प्रकरण मिटले.

फारियांचे मोठेपण येथे दिसते. विद्वानांनी ‘केवळ कल्पना’ म्हणून जे टाकून दिले, तेच त्यांनी अभ्यासास घेतले. १८१३ साली त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. माणसाला खुर्चीत बसवून, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगत आणि मग खड्या आवाजात आज्ञा करीत, ‘झोपा!’ माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्याच ठायी घडते, असे ते स्वतः सांगत. आपल्या गल्लीतील किती चमत्कारी पुरुष एवढे बोलतील? लोकांनी मात्र त्यांची टवाळी केली. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांची फजिती केली. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते वारले. पणजीत १९४५ साली उभारलेला त्यांचा पुतळा अनेकांनी पाहिला असेल.

ह्या विद्येचा व्यवहारात उपयोग काय? क्लोरोफॉर्म येण्यापूर्वी, १८४५ साली, हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल ह्यांनी मेस्मेरी निद्रेत रोग्यांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. १९७८ साली अमेरिकन संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केला. औषध नसलेल्या सुईनेच काहींची कळ उतरली होती. त्यांना अफूचा अंमल उतरवणारे औषध देताच ती पुन्हा वाढली. विश्वासामुळे शरीर स्वतःच अफूसारखे वेदनाशामक द्रव्य सोडते, असे त्यावरून अनुमान निघाले. आज जुनाट वेदना, भीती, आतड्यांचे काही चिवट विकार ह्यांत प्रशिक्षित चिकित्सक संमोहनाचा उपयोग करतात.

परंतु सूचनेने कळ उतरते, क्षयाचे जंतू मरत नाहीत. साध्या क्षयावर साधारण सहा महिने औषधे घ्यावी लागतात, आणि सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते. नेमक्या त्याच वेळी कोणी खडा हाती देऊन गोळ्या सोडावयास सांगतो. मग उरलेले जंतू पुन्हा वाढतात, औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातील लहान मुलांनाही धोका उत्पन्न होतो. म्हणून अशा माणसाकडे जावयाचेच असेल, तर आधी विचारावे, ‘डॉक्टरांची औषधे चालू ठेवू ना?’ त्याने नको म्हटले, तर तेथून उठावे. ताईत, मंत्र, कवच ह्यांनी क्षय, मधुमेह, कर्करोग बरे होतात, अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि गुजरातेत अघोरी प्रथांविरुद्ध २०२४ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे.