तळघरातील गळती

व्यापारी मनुष्यास गळतीचे भय फार. पोते फाटले तर सांडलेले धान्य दिसते, तेलाचा डबा झिरपला तर डाग पडतो; परंतु उष्णता सांडते तेव्हा ढीगही पडत नाही आणि डागही पडत नाही. तिची नोंद होते ती इंधनाच्या बिलात, आणि तीही वेगळ्या खाती नव्हे. बेल्जियममधील अँटवर्प शहरी हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त आपले धर्मबंधू स्थायिक झाले आहेत. जर्मनीसारख्या देशांतही आपले तरुण नोकरीस जातात. म्हणून शीत देशांतील या अदृश्य गळतीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या देशांतील पुष्कळ जुन्या घरांस तळघर असते. बॉयलर तेथेच, आणि गरम पाण्याचे पाइप छताखालून फिरत वरच्या खोल्यांकडे जातात. तळघरात मात्र सायकली, बटाटे व अडगळ यांचेच वास्तव्य. पाइप उघडे असतील तर माणसांसाठी विकत घेतलेली ऊब बटाट्यांना मिळते, आणि त्यांना कोंब फुटतात!

आम्ही एक ढोबळ हिशेब मांडून पाहिला. तळघराचे छत, म्हणजेच वरच्या खोल्यांची जमीन, 80 चौरस मीटर. वर तपमान 20 अंश, खाली 10. उघड्या छतातून दर चौरस मीटरला, दर अंशामागे 1 वॅट उष्णता जाते असे धरले, तर एकूण 800 वॅट, म्हणजे दिवसाला सुमारे 19 युनिटे होतात. छताला खालून 10 सेंटिमीटर जाडीचे उष्णतारोधक तक्ते बसविले की हीच गळती 6 युनिटांच्या आसपास येते. थंडीच्या 200 दिवसांत सुमारे 2,600 युनिटे वाचली. तळघर अधिक गार होत असल्याने प्रत्यक्ष लाभ थोडा कमी पडेल. तरीही खाते नफ्याचेच.

पाइपांचे वेष्टन याहून सोपे व स्वस्त. जर्मनीच्या 2020 च्या कायद्याने त्याची मापेच घालून दिली: आतील व्यास 22 मिलिमीटरपर्यंत असल्यास 20 मिलिमीटर, 35 पर्यंत 30, आणि त्यापुढे 100 पर्यंत पाइपाच्या व्यासाइतके. वळणे व व्हॉल्व्हही झाकावेत. वेष्टनास वापरली जाणारी खनिज लोकर मेंढीची नसून दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंची असते, हे आपल्या वाचकांस जाणून समाधान वाटेल.

क्रम मात्र चुकू नये. प्रथम भिंतींची ओल दूर करावी, कारण झाकलेली ओल वाढतच जाते. मग पाइप, आणि शेवटी छत. आधी तक्ते ठोकले तर छतालगतच्या पाइपांपर्यंत हात पोचत नाही. तळघर गार झाल्यावर थंड पाण्याचे नळ गोठून फुटण्याचा संभव असतो, म्हणून त्यांचीही काळजी घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या घरांत पाइपांभोवती पूर्वीचे राखाडी, गिलाव्यासारखे वेष्टन आढळते. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. जर्मनीने 1993 मध्ये त्याच्या वापरास बंदी घातली, परंतु आधी बसविलेले पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले. ते फोडले की सूक्ष्म तंतू हवेत उडतात, फुप्फुसांत रुततात, आणि रोग कित्येक दशकांनी प्रकट होतो. चार पैसे वाचविण्यासाठी ते स्वतः खरवडू नये, आणि अजाण मजुराकडून तर मुळीच खरवडून घेऊ नये. आधी तपासणी करवावी, आणि ते काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांकडेच द्यावे.

उष्णतेची गळती पैशाने भरून निघते, श्वासाची निघत नाही. आपल्या धर्मात ज्याला यत्नाचार म्हणतात, तो पाऊल टाकताना पाळावयाचा, तसाच परक्या देशातील तळघरात हातोडी उचलतानाही पाळावयाचा, एवढेच आमचे सांगणे.