पहिला नंबर कसा ठरतो?



तिमाही परीक्षेचा निकाल लागला की वर्गात ‘हुशार’, ‘मधला’ आणि ‘कच्चा’ अशी उतरंड लागते आणि बहुधा वर्षभर तशीच राहते. ती कशी तयार होते, हे प्राण्यांच्या उदाहरणावरून समजून घेऊ या.

नॉर्वेचे शेल्डेरुप-एब्बे यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचे निरीक्षण केले. अनोळखी कोंबड्या एकत्र आल्या की आधी भांडतात. मग कोणी कोणाला टोचायचे हे ठरते. भांडणे कमी होतात, पण दाण्यावर पहिला हक्क वरच्या कोंबडीचा राहतो.

आपल्या बालाघाट व मंडला जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या जंगलात राज्यपशू बारशिंगा आहे. हिवाळ्यात त्याचे नर शिंगे भिडवून आपले स्थान ठरवतात. मात्र ही शिंगे दरवर्षी गळून नवी येतात. मागच्या वर्षीच्या शिंगांवर यंदाची झुंज जिंकता येत नाही.

मग जो बलवान तोच वर, एवढेच आहे का? अमेरिकेतील इव्हान चेस व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये माशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार माशांचे गट केले, त्यांची उतरंड लागली. त्यांना दोन आठवडे वेगळे ठेवून तेच मासे पुन्हा एकत्र सोडले. उतरंड पुन्हा लागली, पण जेमतेम पाव गटांतच सर्वांचे क्रमांक आधीसारखे आले. मासे तेच होते, क्रम बदलला! म्हणजे क्रमांक केवळ अंगच्या बळावर ठरत नाही.

याचे एक कारण असे की, जिंकलेला प्राणी पुढच्या झुंजीत जोमाने उतरतो आणि हरलेला लवकर माघार घेतो. सुरुवातीचा लहानसा फरक, कधी नुसता योगायोगही, वाढत जाऊन मोठा होतो.

मुले म्हणजे मासे नव्हेत. अभ्यासाला पर्याय नाही. पण एका पेपरात मागे पडलेल्या मुलाला आपण मागच्या बाकावर बसवले, प्रश्न विचारणे सोडले, घरी शेजारच्या मुलाशी तुलना केली, तर तो माघार घ्यायलाच शिकेल.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे की गुणांवरून बाक ठरवू नयेत व मॉनिटर पाळीपाळीने बदलावा. पालकांनी मुलाची तुलना त्याच्याच मागील गुणांशी करावी. विश्वस्त मंडळास विनंती की वार्षिक स्नेहसंमेलनात सर्वाधिक प्रगती करणाऱ्यालाही बक्षीस द्यावे.

मित्रांनो, अर्धवार्षिक परीक्षेला नव्या शिंगांनी उतरा!

– मुख्याध्यापक