साडेसात लाख वॅटचा क्षण

चेन्नईत पोर्ट ट्रस्टच्या शताब्दी इमारतीच्या माथ्यावर हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. २००२ साली ते सुरू झालं. देशातलं अशा प्रकारचं पहिलंच. बंगालच्या उपसागरातली वादळं शेकडो किलोमीटरवरून हेरायची, हे त्याचं काम. त्यासाठी ते जे पल्स सोडतं, त्यांची पीक पॉवर, म्हणजे ऐन पल्सच्या क्षणीची शक्ती, सुमारे साडेसात लाख वॅट असते.

पण पल्स टिकतो किती? समजा, एक मायक्रोसेकंद. तेवढ्यात रेडिओलहर तीनशे मीटर जाते, म्हणजे आकाशात सुटते ती तीनशे मीटर लांबीची ऊर्जेची कांडी. सेकंदाला असे पाचशे पल्स धरले, तर प्रत्येकानंतर जवळजवळ दोन हजार मायक्रोसेकंद रडार गप्प असतं. गप्प म्हणजे कान देऊन! तीनशे किलोमीटरवरच्या ढगावर आपटून लहर परत यायला नेमका तेवढाच वेळ लागतो. आता सरासरी काढा. साडेसात लाखांचे उरतात अवघे ३७५ वॅट.

इथेच मोजणाऱ्याची परीक्षा सुरू होते. तासाभरात गल्लीत एकच सुतळी बॉम्ब फुटला, तर तासाची सरासरी सांगेल की गल्ली शांत होती. उष्णतेवर चालणारा पॉवर मीटर असाच बोलतो: तो तापतो सावकाश आणि दाखवतो सरासरी. तिला पल्सच्या वेळेच्या प्रमाणाने भागलं की पीक मिळते खरी, पण पल्स चौकोनी असेल तरच. त्याचे खांदे उतरते असतील, तर उत्तर चुकलंच. म्हणून वेगवान डायोडचा सेन्सर लावतात. तो पल्सची चढण, माथा, उतरण सगळं पडद्यावर काढून दाखवतो. अर्थात साडेसात लाख वॅट थेट त्याच्यावर सोडले तर सेन्सर राहणार नाही. लहर अँटेनाकडे नेणाऱ्या वेव्हगाइडला जोडलेल्या कपलरमधून दहा लाखांतला एक भाग काढून घेतला, तर हाती येतो पाऊण वॅट; तोही आणखी कमी करूनच सेन्सरला देतात.

उघड्यावर, रडारपासून दूर, मोजणं आणखी अवघड. तबकडी फिरत असते. झोत जेमतेम एक अंश रुंद. मिनिटाला तीन फेऱ्या धरल्या, तर तो तुमच्या अँटेनावरून सेकंदाच्या अठराव्या भागात निघून जातो. वाट्याला येतात अठ्ठावीसच्या आसपास पल्स, मग वीस सेकंद वाट पाहायची. मोजायला लावलेल्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचा फिल्टर अरुंद ठेवला असेल, तर पल्स त्यात पुरता चढतच नाही आणि खऱ्या पीकच्या काही टक्केच शक्ती दिसते. कागदावर हिशेब केला, तर मुख्य झोतात दहा किलोमीटरवर पल्सच्या क्षणी चौरस मीटरला सुमारे १८ वॅट पडतात आणि, झोत त्याच जागी रोखून धरला तरी, सरासरी फक्त ९ मिलीवॅट. दोन्ही आकडे खरे! कुठला सांगतोय हे न सांगता नुसता 'आकडा' देणारा अहवाल मी तरी बाजूला ठेवीन.

एवढा खटाटोप कशाला? पावसासाठी. ढगातून परतणारी शक्ती वॅटच्या लाख अब्जाव्या भागाइतकी क्षीण असू शकते, आणि किती पाठवलं हे ठाऊक असेल तरच किती परतलं याला अर्थ येतो. ट्रान्समीटरची शक्ती नकळत निम्म्यावर आली, तर परतलेल्या शक्तीवरून पाऊस काढणाऱ्या, १९४८ पासून वापरात असलेल्या मार्शल-पामर सूत्राप्रमाणे तासाला १० मिलिमीटरचा पाऊस पडद्यावर साडेसहाचा दिसेल. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आलं, तशा दिवशी ही चूक परवडणारी नाही.

पुढच्या पावसाळ्यात कुलाब्याच्या रडारचं चित्र उघडलंत, तर बाजूच्या रंगपट्टीवर, ढग लहर किती परतवतो हे सांगणारं 'डीबीझेड' हे एकक शोधा. त्यातला प्रत्येक रंग पाठवलेल्या पल्सची पीक पॉवर धरूनच ठरलेला असतो.