दादागिरीला टाळ्या कोण वाजवतं?

शाळेत एखाद्या मुलाला रोज छळणारी मुलं दोन-तीनच असतात. भोवती उभं राहून बघणारा मात्र अख्खा वर्ग. छळ थांबवायचा तर सुरुवात या बघ्यांपासून करावी लागते, असं गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो.

1982 च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात दहा ते चौदा वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केली. बरोबरीच्या मुलांनी सतत केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं पुढे आलं आणि देश हादरला. 1983 मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने देशभर मोहीम हाती घेतली. बर्गेन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस या विषयावर आधीपासूनच काम करत होते. त्यांनी बर्गेनमधल्या 42 शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांचा दोन-अडीच वर्षं मागोवा घेतला. छळ होत असल्याचं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण या काळात जवळपास निम्म्यावर आलं.

ओल्वेअस यांनी शाळांना दिलेला उपाय अगदी साधा होता. आधी मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घ्यायची, म्हणजे ‘आमच्या शाळेत असलं काही होत नाही’ हा भ्रम गळून पडतो. मधल्या सुट्टीत मैदानावर मोठी माणसं हजर ठेवायची. वर्गात नियमित बैठक घ्यायची. आणि नियम मुलांसमोर स्पष्ट मांडायचे: आपण कुणाला छळणार नाही, छळ होत असलेल्याला मदत करू, एकट्या पडलेल्याला खेळात घेऊ.

याच मोहिमेत नॉर्वेच्या रोगालांड भागातल्या शाळांना पुस्तिका आणि साहित्य मिळालं, पण पाठपुरावा फारसा झाला नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर तिथे सुधारणा आढळली नाही. साहित्य तेच, देशही तोच. फरक पडला तो पाठीशी उभं राहून काम करून घेण्याचा.

छळ म्हणजे नेमकं काय?

मुलं भांडतात, कट्टी घेतात, दुसऱ्या दिवशी एकाच डब्यातलं खातात. त्याला छळ म्हणत नाहीत. ओल्वेअस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आणि त्या आजही जगभर वापरल्या जातात. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. ही ताकद फक्त दंडात नसते. वय, घरचा पैसा, वर्गातला वट, इंग्रजी बोलण्याची सफाई, मागे असलेला घोळका, यांतलं काहीही चालतं. आपल्याकडे रंगावरून, चष्म्यावरून, वजनावरून ठेवलेली नावं, बोलीची नक्कल आणि आडनावावरून जात ताडून मारलेला टोमणा हे सगळं यातच येतं. खेळात न घेणं आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून एकालाच वगळणं हाही छळच. त्याचे वळ फक्त दिसत नाहीत.

तिसरी खूण मोठी माणसं नेहमी विसरतात. तक्रार आली की दोघांना समोरासमोर उभं करायचं, ‘चला, हात मिळवा’ म्हणायचं आणि विषय संपवायचा, ही आपल्या शाळांतली सर्रास पद्धत. बरोबरीच्या भांडणात ती चालून जाते. पण जो आधीच दबलेला आहे त्याला दाबणाऱ्याच्या समोर उभं करून समेट करायला लावलं, तर तो गप्प बसतो. शाळा सुटल्यावर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. म्हणून अशा प्रकरणात दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलायचं असतं.

वर्तुळाच्या कडेला उभी असलेली मुलं

फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहावीच्या वर्गांत छळ होतो तेव्हा बाकीची मुलं काय करतात, हे त्यांनी पाहिलं. छळणारा आणि छळ सोसणारा यांच्याखेरीज त्यांना आणखी चार भूमिका दिसल्या. काही जण छळणाऱ्याला हात देतात. काही हसतात, ओरडून चेव आणतात. काही दुरून बघतात किंवा काढता पाय घेतात. आणि थोडे जण सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहतात.

छळणाऱ्याला सोसणाऱ्याकडून बहुतेक वेळा काहीच नको असतं. डबा पळवणाऱ्याला भूक लागलेली नसते. त्याला हवा असतो वर्गातला दबदबा आणि तो देणारा असतो प्रेक्षक. हशा पिकला की नाटक रंगतं, हशा आटला की नटाचा उत्साहच जातो.

कॅनडातल्या संशोधकांनी टोरांटोतल्या शाळांच्या मैदानावरचे प्रसंग कॅमेऱ्यात टिपले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणानुसार 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण कुणी मध्ये पडलं ते फक्त 19 टक्के प्रसंगांत. आशेची गोष्ट पुढे आहे. मुलं मध्ये पडली त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा, 57 टक्के, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. ‘ए, सोड ना त्याला’ एवढं म्हणायला दहा सेकंद पुरतात.

मग मुलं का म्हणत नाहीत? बहुतेकांना आतून वाईट वाटत असतं. पण आपण बोललो तर उद्या आपली पाळी येईल, ही भीती असते. शिवाय बाईंना जाऊन सांगणारा ‘चोंबडा’ ठरतो. बाकी सगळे हसताहेत म्हणजे त्यांना हे पटलेलं दिसतंय, असंही प्रत्येकाला वाटतं आणि सगळेच एकमेकांकडे बघून गप्प राहतात.

करुणेचा तास

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने साल्मिवाली यांच्या नेतृत्वाखाली ‘किवा’ नावाचा छळविरोधी कार्यक्रम घडवला. 2007 ते 2009 या काळात तो ताडून पाहिला गेला आणि 2009 पासून देशभर नेला गेला. चौथी ते सहावीच्या चाचणीत 78 शाळा आणि आठ हजारांहून अधिक मुलं होती. या कार्यक्रमात वर्षभर ठरावीक तास असतात. मुलं चर्चा करतात, प्रसंग वठवतात, संगणकावरच्या खेळात ‘आता तू काय करशील?’ या प्रश्नाला उत्तर देतात. मैदानावर लक्ष ठेवणारे शिक्षक उठून दिसतील अशी जाकिटं घालतात. प्रत्येक शाळेत तीन मोठ्यांचा गट तक्रारी हाताळतो आणि वर्गातल्या दोन-चार वट असलेल्या मुलांना सोसणाऱ्याच्या सोबत राहायला सांगतो. चाचणीत छळ घटला; देशभर राबवताना मात्र तितका मोठा परिणाम दिसला नाही, आणि तो वरच्या वर्गांपेक्षा प्राथमिक वर्गांत अधिक दिसला. जादू कुणीच विकत नव्हतं. पण शेकड्यात थोडी घट म्हणजेही देशभरातली हजारो मुलं.

वट असलेल्या मुलांचं महत्त्व अमेरिकेतही दिसलं. न्यू जर्सीतल्या 56 शाळांत संशोधक एलिझाबेथ पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांनाच विचारलं, की तुम्ही कुणासोबत वेळ घालवता? त्यातून मैत्रीचं जाळं उभं केलं. निम्म्या शाळांत मोजक्या मुलांच्या गटाने भांडणं आणि छळाविरुद्ध आपापल्या परीने मोहीम चालवली. भित्तिपत्रकं केली, चांगलं वागणाऱ्याला मनगटपट्टी दिली. शिक्षेपर्यंत गेलेल्या भांडणांच्या नोंदी बाकी शाळांच्या तुलनेत 30 टक्क्यांनी कमी भरल्या. ज्या गटात मैत्रीच्या जाळ्याच्या मध्यावरची मुलं जास्त होती, तिथे परिणामही जास्त. ती मुलं शिक्षकांची लाडकीच असतात असं नाही. मॉनिटर निवडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सहानुभूती शिकवली की छळ आपोआप थांबेल, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छळणाऱ्या टोळ्यांचे म्होरके दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्यात चांगलेच तरबेज निघाले. कुणाला काय लागतं हे त्यांना नेमकं कळतं, म्हणून तर घाव वर्मी बसतो. कमी पडतं ते दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः हलणं. ते व्याख्यानातून येत नाही, सहवासातून येतं. टोरांटोत मेरी गॉर्डन यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या ‘रूट्स ऑफ एम्पथी’ या उपक्रमात वर्षभर ठरावीक दिवसांनी एक तान्हं बाळ आईवडिलांसोबत वर्गात येतं. हिरव्या चादरीवर बाळ आणि भोवती मुलं. ते का रडतंय, कशाने घाबरलं, काय केलं तर शांत होईल, हे मुलं बघतात आणि त्यावरून आपल्या भावनांबद्दल बोलू लागतात. अशा वर्गांतली आक्रमकता कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

आपल्याकडचं चित्र

महाराष्ट्रातल्या शाळांत प्रेमाचा संदेश नाही असं म्हणता येणार नाही. साने गुरुजींची प्रार्थना पिढ्यानपिढ्या गायली जाते, मूल्यशिक्षण होतं, सुविचार फळ्यावर असतो. पण प्रार्थना संपून वर्गात शिरल्यावर शिक्षकच एखाद्याला ‘ढ’ म्हणत असतील, तर मुलं सुविचार विसरतात आणि ‘ढ’ उचलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे, याची आठवण इथे करून द्यायला हवी. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. चर्चा मात्र महाविद्यालयं आणि वसतिगृहांचीच होते. पाचवी-सहावीतल्या मुलाच्या वाट्याला येणारं रोजचं चिडवणं ‘मुलंच ती’ या दोन शब्दांत निकाली निघतं.

आपल्या परिस्थितीत काय जमू शकतं, याचं उत्तम उदाहरण बिहारमधलं आहे. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम चालवला. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही शाळांत कामासाठी खास ‘सेहर मित्र’ नेमले, काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकांकडे दिलं. परिपाठात विषय मांडणं, मुलांना मनातलं लिहून टाकता येईल अशी पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, समुपदेशन, शिक्षकांसाठी कार्यशाळा, असा सगळा बेत होता. ‘मित्र’ असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, छळ आणि नैराश्य दोन्ही कमी झालं. शिक्षकांवर काम सोपवलेल्या शाळांत मात्र असा फरक पडला नाही. निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतची कामं ओढणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात आणखी एक काम घातलं की काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. हे ‘मित्र’ कुणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. म्हणजे हा उपाय जिल्हा परिषदेच्या शाळेच्याही आवाक्यातला आहे, पण त्यासाठी माणूस द्यावा लागेल.

पालकांच्या हातात

आपलं मूल छळ सोसतंय का, ही काळजी प्रत्येक पालकाला असते. ते हसणाऱ्यांच्या घोळक्यात उभं असेल का, असं फार कमी जण विचारतात. संख्येचा विचार केला तर हीच शक्यता जास्त. म्हणून घरी ‘तुला कुणी त्रास दिला का?’ याबरोबर ‘आज डबा खाताना एकटं कोण बसलं होतं?’ हेही विचारावं. चुगली आणि मदत यांतला फरकही समजावून द्यावा. दुसऱ्याला अडकवण्यासाठी सांगणं वेगळं आणि कुणाला सोडवण्यासाठी सांगणं वेगळं. मूल स्वतःच सोसत असेल तर ‘तूही एक ठेवून दे’ हा सल्ला देऊ नये. कधी, कुठे, काय झालं ते लिहून ठेवावं आणि शाळेत जाऊन शांतपणे बोलावं. गरज पडली तर 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक आहे.

येत्या पालकसभेत गुण, सहल आणि गणवेश यांच्याआधी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा. मधल्या सुट्टीत मैदानावर कोण असतं? मुलांकडून नाव न लिहिता शेवटची प्रश्नावली कधी भरून घेतली? आणि छळाची तक्रार आली तर ती नेमकी कोण हाताळतं? उत्तरं मिळाली नाहीत तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. मुलांनी गप्प बसू नये असं वाटत असेल, तर आधी आपण गप्प बसणं सोडायला हवं.