मागे जाणाऱ्या गाडीचा दिवा

मोटारगाडी पुढे चालते तेव्हा चालकाच्या डोळ्यांपुढे सारा रस्ता मोकळा असतो. तीच गाडी मागे जाऊ लागली की तो निम्म्याहून अधिक आंधळा होतो. मागच्या काचेतून त्यास दिसते ते फार तर माणसाच्या कमरेच्या वरचे. चाकामागे खेळत बसलेले मूल, सावलीत पहुडलेले वासरू, जमिनीवर मांडलेली भाजीची टोपली यांपैकी काहीच त्याच्या दृष्टीस पडत नाही. मालमोटारींनी यावर फार पूर्वीच उपाय शोधला. खाली उतरलेला क्लीनर आणि त्याची ती ओळखीची हाक, 'येऊ द्या, येऊ द्या... बस्स!' परंतु घरच्या गाडीला क्लीनर कोठला? तेथे हे काम एका लहानशा पांढऱ्या दिव्याकडे सोपविलेले असते.

हा दिवा आपल्या भावंडांहून निराळा आहे. गाडीच्या पाठीमागचे दिवे तांबडे, वळण दाखविणारे नारिंगी. क्रमांकाच्या पाटीवरील मिणमिणता उजेड सोडला तर मागे पांढरा प्रकाश टाकणारा हा एकटाच. चालकास तो मुद्दाम लावावा लागत नाही. उलटा गिअर पडला की तो लागतो, गिअर काढला की विझतो. रात्री तो चालकास मागची जमीन दाखवितो हे खरे. पण त्याचे अधिक मोलाचे काम मागे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. गाडी हलण्यापूर्वीच तो सांगतो की ती आता इकडे येणार. लहान मुलांस रस्त्याचे दुसरे काही शिकविता आले नाही तरी एवढे अवश्य शिकवावे की मागचा पांढरा दिवा लागला म्हणजे बाजूला व्हायचे. आणि मुलांस हे शिकविले, तर मग तो दिवा लागलाच पाहिजे, हे ओघाने आले.

तो न लागण्याची कारणे बहुधा साधी असतात. बल्ब जळतो, फ्यूज उडतो, खोबणीत गंज चढतो. ती कोणीही शोधून काढील. एक कारण मात्र चांगल्या मिस्त्रीसही चकवा देते. आपण होऊन गिअर बदलणारा, म्हणजे ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स काढून त्याच्या जागी हाताने गिअर टाकण्याचा साधा गिअरबॉक्स बसविला की गाडी उत्तम चालू लागते आणि मागचा दिवा कायमचा मुका होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

याचे गांभीर्य समजण्यासाठी उज्जैनसारखे जुने शहर डोळ्यांपुढे आणावे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत ती येथे होती, आणि तेव्हापासूनची मराठी घराणी माळव्यात अद्याप नांदत आहेत. बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिराभोवतीचा बाजार आणि तेथून महाकालाकडे जाणाऱ्या वाटा ज्या काळी आखल्या गेल्या, त्या काळी मोटारीचे नावही कोणास ठाऊक नव्हते. अशा जुन्या वस्तीतील अरुंद गल्लीत शिरलेल्या गाडीस पुष्कळदा वळण्यास जागा मिळत नाही. जशी गेली तशीच मागे येते. एरवीच ही दाटी; मग २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत भरलेल्या आणि पुढे २०२८ मध्ये भरावयाच्या सिंहस्थासारख्या मेळ्यात काय होत असेल, याची कल्पनाच करावी. इंदूरच्या पलीकडे पीथमपूर येथे २०२१ साली मोटारींच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटर लांबीची भव्य धावपट्टी सुरू झाली. तेथे गाड्या ताशी शेकडो किलोमीटर वेगाने धावू शकतात. गल्लीत मात्र सारा प्रश्न चार हात मागे जाण्याचा असतो. आपल्या वाडीतील बोळ, घरापुढचे अंगण आणि मिस्सेनंतर मुलाबाळांनी भरलेले देवळाचे आवार यांची स्थिती याहून वेगळी नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही काही आजची वस्तू नव्हे. अमेरिकेत १९४० च्या नमुन्याच्या ओल्डस्मोबाईल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' या नावाने तो सर्रास विकला जाऊ लागला. आपल्या देशात मात्र त्याचा प्रसार फार उशिरा झाला. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीने त्याचा एक स्वस्त प्रकार आणला आणि मध्यमवर्गीय घरांतूनही क्लचचे पेडल नाहीसे होऊ लागले. त्याआधीच्या ऑटोमॅटिक गाड्या आता जुन्या झाल्या. अशा गाडीचा गिअरबॉक्स बिघडला म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो, जाणकार कारागीर जवळपास मिळत नाही, आणि त्याच जातीच्या गाडीचा साधा गिअरबॉक्स जुन्या बाजारात सहज हाती लागतो. मालक हिशेब करतो आणि अदलाबदल ठरवितो. गिअरबॉक्स, क्लच, त्याचे पेडल, गिअरचा दांडा ही सर्व लोखंडाची कामे होतात. विजेच्या तारांचे काम मात्र 'मागाहून पाहू' या सदरात जाते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या अंगावर, जेथे दांड्याची हालचाल आत पोचते तेथे, एक स्विच बसविलेला असतो. दांडा कोणत्या जागी आहे हे तो ओळखतो व त्यानुसार दोन महत्त्वाची कामे करतो. दांडा 'पार्क' किंवा 'न्यूट्रल' या जागी असेल तरच तो स्टार्टरकडे प्रवाह जाऊ देतो, म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना किल्ली फिरविली तरी इंजिन सुरू होत नाही. आणि दांडा उलट्या गिअरच्या जागी आला की तो मागच्या दिव्यांचा प्रवाह जोडून देतो. या दोन्ही कामांच्या तारा एकाच जोडणीत, एकाच जुडग्यात असतात. पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

साध्या गिअरबॉक्सची रीत अगदी सरळ. त्याच्या कवचात बोल्टासारखा पिळून बसविलेला एक छोटा स्विच असतो. त्याच्या टोकाशी दाबली जाणारी कळ असते. उलट्या गिअरचा आतील दांडा सरकला की ती दाबली जाते, स्विचमधील दोन टोके एकमेकांस भिडतात आणि प्रवाह पुढे जातो. दोनच तारा, आणि त्यांपैकी कोणती कोणत्या टोकास लावली यास महत्त्व नाही, कारण तो केवळ रस्ता उघडतो व बंद करतो. स्टार्टरशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निघाला म्हणजे त्याचा बहुगुणी स्विचही त्याबरोबर गेला, आणि त्याची जोडणी गाडीखाली लोंबकळत राहिली. मिस्त्री किल्ली फिरवितो. इंजिन हूं की चूं करीत नाही, कारण स्टार्टरची वाट तुटलेली असते. तो त्या जुडग्यातील स्टार्टरच्या दोन तारा शोधून त्यांस गाठ मारतो, गाडी सुरू होते, सर्वांचे चेहरे फुलतात आणि मागच्या दिव्याची आठवण कोणासच राहत नाही. न सुरू होणारी गाडी ओरडून तक्रार करते. न लागणारा दिवा बिचारा गप्प असतो.

पुढे केव्हातरी मालकाच्या ध्यानात येते आणि मग पुष्कळ ठिकाणी एक पळवाट काढली जाते. चालकापुढच्या फळीवर एक बटण बसवून त्यावरून मागे दिवा लावतात. आमच्या मते हा उपाय मूळ रोगापेक्षा वाईट आहे. घाईत चालक बटण दाबण्यास विसरतो, म्हणजे दिवा असून नसल्यासारखा. अथवा दाबलेले बटण बंद करण्यास विसरतो आणि मैलोगणती मागच्यांच्या डोळ्यांवर पांढरा झोत टाकीत पुढे जातो. खोटे सांगणारा दिवा दोन-चारदा पाहिला की मागचा माणूस खऱ्या दिव्यावरही विश्वास ठेवीनासा होतो.

योग्य काम याहून फारसे कठीण नाही. साध्या गिअरबॉक्सचा स्विच जागेवर आहे ना, हे प्रथम पाहावे. जुन्या बाजारातून आणलेल्या मालात तो तुटलेला असणे नवलाचे नाही. गिअरबॉक्स वर चढविण्यापूर्वीच मीटर लावून त्याची परीक्षा करावी. उलट्या गिअरमध्ये दोन्ही टोके जुळली पाहिजेत आणि इतर सर्व गिअरांत सुटली पाहिजेत. नवा स्विच बसविताना त्याखालची चकती विसरू नये, नाहीतर तेथून गिअरचे तेल झिरपते.

नंतर जुन्या जुडग्यातील नेमक्या दोन तारा ओळखावयाच्या. गाडीचा तारांचा नकाशा मिळाला तर उत्तम. तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, तेव्हा दुसऱ्या गाडीच्या अनुभवावर विसंबू नये. नकाशा नसेल तर बॅटरीची तार काढून ठेवावी, मागच्या दोन्ही पांढऱ्या दिव्यांचे बल्ब बाहेर काढावेत आणि त्या खोबणीतील प्रवाहाचे टोक जुडग्यातील कोणत्या टोकाशी जुळते हे मीटरने पाहावे. ही दिव्याकडे जाणारी तार. दुसरी, म्हणजे फ्यूजमधून प्रवाह आणणारी तार, बॅटरी पुन्हा जोडून व किल्ली फिरवून शोधावी लागते. येथे सावधगिरीची खरी गरज आहे. याच जुडग्यात स्टार्टरच्याही तारा आहेत. चुकून त्या जुळल्या आणि गाडी गिअरमध्ये असली, तर ती उडी घेईल, आणि त्या वेळी मिस्त्री बहुधा तिच्याखालीच असतो. म्हणून चाकांस दगड अथवा ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि स्टार्टरवरील किल्लीकडून येणारी बारीक तार काम संपेपर्यंत काढून ठेवावी. यास पाच मिनिटे लागतात. तेवढी अवश्य खर्च करावीत.

दोन तारा सापडल्या की त्यांस नव्या स्विचपर्यंत लांबविणे एवढेच उरते. बारा व्होल्टच्या गाडीत मागचा बल्ब सामान्यतः २१ वॉटचा असतो. तो सुमारे पावणेदोन अँपियर प्रवाह घेतो, दोन बल्ब साडेतीन. चांगली एक चौरस मिलिमीटरची तार त्यास पुरते. मूळ फ्यूजच कायम ठेवावा. तो उडू लागला तर मोठा घालण्याऐवजी तार कोठे घासते ते शोधावे. पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड घरातल्या दिव्यासही शोभत नाही. गाडीखाली तर माळव्यातील मे महिन्याची धग आणि पाठोपाठ पावसाळ्याचा चिखल त्याचा निकाल लावतात. जोड डाख देऊन किंवा दाबून पक्का करावा व त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. तार धुराच्या नळीपासून दूर न्यावी. इंजिन व गिअरबॉक्स चालताना डुलतात, यासाठी थोडी सैलही ठेवावी.

स्टार्टरच्या तारांस मारलेली ती गाठ? ती तशीच ठेवू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ऑटोमॅटिक गाडीस जे संरक्षण होते ते त्या गाठीने नष्ट झाले. आता गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरविताच पुढे धाव घेईल. अनेक गाड्यांत क्लचच्या पेडलाशी एक स्विच असतो; पेडल पूर्ण दाबल्यावाचून स्टार्टर फिरत नाही. तसा स्विच बसवून त्या दोन तारा त्यातून न्याव्यात. अंगणात उभ्या गाडीची किल्ली हाती लागलेले पोर काय करील, याचा नेम नसतो.

हे सर्व साध्या तारांच्या जुन्या गाड्यांविषयी झाले. अलीकडील गाड्यांत दांड्याची जागा प्रथम गाडीच्या संगणकास कळते आणि दिवा तो लावतो. तेथे दोन तारा जोडून भागेलच असे नाही. संगणकासही नव्या गिअरबॉक्सची ओळख करून द्यावी लागते, आणि ते रस्त्याकडेच्या दुकानात होणारे काम नव्हे. दुसरेही एक ध्यानात घ्यावे. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींस मागचा अडथळा ओळखून आवाज देणारे यंत्र सक्तीचे झाले आहे. जुन्या गाडीस असे यंत्र वा कॅमेरा मागाहून बसविताना त्यास प्रवाह बहुधा याच पांढऱ्या दिव्याच्या तारेतून देतात. म्हणजे ती तार मेली की दिव्याबरोबर आवाजही गेला, आणि आवाज नाही म्हणजे मागे काही नाही, असे समजून चालक निर्धास्तपणे मागे येतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये उत्पादकाने नमूद केलेल्या व नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. तेव्हा गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. 'एमपी १३' क्रमांकाची गाडी असेल तर ते कार्यालय उज्जैनचेच. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नास मिळणारे उत्तर सुखाचे नसते.

काम झाल्यावर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी, क्लच दाबून एकेक गिअर टाकावा व भिंतीवर पांढरा उजेड केव्हा पडतो ते पाहावे. फक्त उलट्या गिअरला पडला पाहिजे. त्याच गिअरमध्ये दांडा थोडा हलवून पाहावा. उजेड लुकलुकला तर स्विच किंवा जोड सैल आहे. पाहणाऱ्याने बाजूला उभे राहावे, गाडीच्या पाठीमागे नव्हे. मग कोणत्या रंगाची तार कोणत्या तारेस जोडली, हे एका कागदावर लिहून तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढचा मिस्त्री गाडीखाली शिरेल तेव्हा त्यास हेच सर्व पुन्हा शोधावे लागणार नाही.